ट्रामला भिऊन अलिबागला गेलेली सुई

विजेच्या गाडीच्या स्टिअरिंगचा विषय निघाला की मी अलिबागला पोचतो. घरच्यांनी आता थांबवणं सोडलं आहे.

मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर न्यायचं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. संचालक होते नानाभाई मूस, त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय. ट्रामची वीज रुळांतून जमिनीत झिरपणार आणि आपल्या नाजूक सुया बिघडणार, हे त्यांनी ओळखलं. ट्राम थांबणार नव्हती, म्हणून सुयांनीच घर बदललं. 1904 मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षं दोन्हीकडे एकदमच मोजमापं घेऊन जुन्या नोंदींशी सांधा जुळवला गेला, आणि 1906 मध्ये कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. मुंबईत विजेची ट्राम धावली 1907 साली. संकट यायच्या आधी उरकलेलं सरकारी काम म्हणून मला या प्रकरणाचं फार कौतुक आहे. इमारतीसाठी पोरबंदरचा दगड निवडून आणला, कारण तो चुंबकाशी नातं सांगत नाही. मी पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा फाटकाशीच हात खिशातल्या किल्ल्यांकडे गेला.

स्टिअरिंगची पार्श्वभूमी झटपट उरकतो. पूर्वी स्टिअरिंग हलकं करायचं काम इंजिनवर फिरणारा तेलाचा पंप करी. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, म्हणून छोटी मोटर जोर लावते. चाक किती फिरलं, दांडीला किती पीळ बसला आणि मोटरचा आस कुठे आहे, या तिन्ही गोष्टी लोहचुंबक आणि चिप मिळून सांगतात. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेला परिणाम यातल्या बहुतेक चिपांच्या मुळाशी आहे.

एक युक्ती मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तीन वेढे फिरतं, पण चुंबकावरून एकाच वेढ्यातला कोन कळतो. म्हणून मोठ्या चक्राला दोन लहान चक्रं जोडतात, एकाला दुसऱ्यापेक्षा एक दात जास्त. दोघांची जोडी पाहून वेढा ओळखायचा. नुसत्या वारावरून दिवस ओळखता येत नाही, सोबत तिथी सांगितली की बराच पत्ता लागतो, तसंच हे.

आता मुद्द्याचं. कुलाब्याची सुई पळून जाऊ शकली, स्टिअरिंगच्या चिपला अलिबाग नाही. तिची ट्राम, म्हणजे गाडी ओढणाऱ्या मोटरच्या जाड तारा, तिच्या शेजारीच राहते. एका तारेतून 300 अँपिअर वाहत असतील, तर 5 सेंटिमीटरवर सुमारे 1.2 मिलिटेस्लाचं क्षेत्र तयार होतं, म्हणजे पुण्यातल्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या जवळजवळ तीसपट. जाणारी आणि येणारी तार चिकटून नेली तर ते बरंचसं विझतं, पण गाडीत तारा जागा मिळेल तिथून जातात. चिपजवळ आपल्या चुंबकाचं क्षेत्र 30 मिलिटेस्ला असेल आणि परकं क्षेत्र त्याला आडवं आलं, तर कोन दोन अंशांहून थोडा जास्त चुकतो. ध्रुवांच्या चार जोड्या असलेल्या मोटरीत हीच चूक विजेच्या हिशेबाने आठ अंशांच्या वर जाते आणि चालवणाऱ्याच्या हाताला बारीक थरथर जाणवते.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही अशाच दोन अंशांच्या मागे तीन दिवस घालवले. प्रोग्राम तपासला, चिप बदलली, एकमेकांवर चिडलो. शेवटी दोषी निघाला एक लोखंडी स्क्रू. पितळेचा लावायचा होता. डब्यात हाताला जो लागला तो कोणीतरी बसवला होता. पोरबंदरच्या दगडाची किंमत मला त्या दिवशी खरी कळली.

उपाय दोन. चिपला लोखंडी टोपी घालायची, हा पहिला. मला तो आवडत नाही. जागा खातो, आणि टोपीत स्वतःचं थोडं चुंबकत्व मुरून बसतं. दुसरा देखणा आहे. एकाच चिपवर मिलिमीटर-दोन मिलिमीटर अंतराने हॉलचे संवेदक ठेवायचे आणि त्यांच्यातला फरक तेवढा मोजायचा. दोन भावांना जमिनीवर उभं करा की ओट्यावर, उंचीतला फरक बदलत नाही. परकं क्षेत्र हा तो ओटा: सगळ्यांना सारखंच उचलतं, म्हणून वजाबाकीत जातं. आपलं चुंबक इतकं जवळ असतं की प्रत्येक संवेदकाला ते वेगळं दिसतं, म्हणून उरतं. मोबदल्यात चुंबक आणि चिप एका रेषेत बसवण्याची शिस्त कडक होते. तार फारच जवळ आली तर ओटाच तिरका होतो आणि युक्ती गळू लागते. परक्या क्षेत्रात चिप किती टिकते हे पाहण्यासाठी आयएसओ 11452-8 ही चाचणी आहे. वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्या पुणेकरांनी एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या इमारती पाहिल्या असतीलच. 1966 मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत गाड्यांच्या विद्युतचुंबकीय चाचण्याही होतात.

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. कुलाबा किल्ला आणि मासळी झाल्यावर तिच्यावरून एक चक्कर मारा. गाडी विजेची असेल तर मात्र जरा लांब लावा.