धास्तीची विक्री : ‘हनुमान चालिसा यंत्रा’चा खटला

भावनिक आवाहन, म्हणजे वस्तूचे गुण पटवून देण्याऐवजी भीती, माया, अभिमान किंवा श्रद्धा चाळवून गिऱ्हाइकाचे मत आपल्याकडे वळवण्याची रीत, साबण-चहाच्या जाहिरातींमुळे सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. मात्र थेट श्रद्धेलाच हात घालणाऱ्या जाहिरातीची कायदेशीर चिरफाड झाली ती मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात, ज्याच्या अधिकारक्षेत्रात धाराशिव जिल्हाही येतो.

दूरचित्रवाणीवर ‘हनुमान चालिसा यंत्र’ विकले जात असल्याचे पाहून औरंगाबादच्या एका शिक्षकाने २०१५ मध्ये केलेल्या तक्रारीतून ही याचिका उभी राहिली आणि जानेवारी २०२१ मध्ये न्या. टी. व्ही. नलावडे व न्या. एम. जी. सेवलीकर यांनी तिच्यावर निकाल दिला. सिद्धी प्राप्त झालेल्या बाबाने यंत्र घडवल्याचा दावा आणि त्याची भलामण करणारे नावाजलेले कलावंत, अशी ही जाहिरात होती. पुराव्याची जागा ओळखीच्या चेहऱ्यांनी भरून काढली होती.

भीती घातली की माणूस वळतोच, असे नाही. जॅनिस व फेशबॅक यांच्या १९५३ च्या, दातांच्या निगेवरील प्रयोगात सर्वांत भडक भीती घातलेला गटच सल्ला पाळण्यात मागे राहिला, तर १९९२ मध्ये किम विटी यांनी मांडले की भीतीला आवाक्यातल्या उपायाची जोड मिळाली तरच ती कामी येते. यंत्र-ताईतांचा धंदा नेमका याच जोडीवर चालतो, कारण कर्ज किंवा आजारपणाची धास्ती जुनीच असते आणि उपाय मात्र फोन फिरवताच घरपोच येतो. पावसाचा भरवसा नसलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्यात तर धास्तीचा भाग जाहिरातदाराला रंगवावाही लागत नाही.

यावर एक आक्षेप हमखास निघतो, की मग तुळजापुरात कवड्यांच्या माळा विकणाऱ्यांचे काय? हा आक्षेप लंगडा आहे, कारण आराधी गळ्यात माळ घालतो ती भवानीची सेवा म्हणून, फळाच्या हमीवर नव्हे. खंडपीठानेही देवाच्या नावाची वस्तू विकणे बेकायदा ठरवले नाही; तिच्यात दैवी, चमत्कारी गुण असल्याची जाहिरात करून ती विकणे बेकायदा ठरवले.

१९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा ताईत-कवचाच्या जाहिरातींना बंदी घालतो, पण ती रोगनिवारणाच्या दाव्यापुरती. कर्जमुक्तीची थाप त्यातून निसटते. ही फट २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बरीचशी बुजवली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर चार दिवसांत ज्याचा वटहुकूम निघाला तो हाच कायदा, आणि त्यातील ‘प्रसार’ या संज्ञेत जाहिरातही मोडत असल्याने विक्रेत्याबरोबर वाहिन्याही कचाट्यात आल्या.

या कायद्यात पोलीस ठाण्यांसाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. तेव्हा अशी जाहिरात दिसल्यास वाचकांनी वाहिनीचे नाव, तारीख आणि वेळ टिपून त्याच्याकडे लेखी तक्रार द्यावी.