पोलीस दाखला परदेशात ग्राह्य कसा ठरतो?

बिदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यात हळ्ळीखेड (बी) हे गाव आहे. कंसातले 'बी' म्हणजे बुजुर्ग. मराठी मुलखात ज्याला बुद्रुक म्हणतात, तेच ते. त्या भागात 'बी' म्हणजे थोरले आणि 'के' म्हणजे खुर्द, धाकटे, अशी गावे ओळखण्याची जुनी रीत आहे. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत कन्नड, जुन्या दप्तरात उर्दू, असा या सीमाभागाचा व्यवहार. पोटापाण्यासाठी तिथली माणसे हैदराबाद, पुणे, मुंबई गाठतात. काहीजण गोव्यातही येऊन स्थिरावतात. इथून पुढची वाट अनेकदा परदेशाची असते, आणि त्या वाटेवर एक कागद हमखास मागितला जातो. तो म्हणजे, अर्जदाराविरुद्ध गुन्ह्याची नोंद नाही, असे सांगणारा पोलीस दाखला.

उदाहरण म्हणून या गावातले दोन चुलतभाऊ डोळ्यांसमोर आणूया. थोरला गेली काही वर्षे म्हापशात राहून उपाहारगृहात स्वयंपाकी म्हणून काम करतो. त्याला पोर्तुगालमधून नोकरीचे पत्र आले आहे. धाकटा गावीच असतो; त्याला कुवेतमध्ये वाहनचालकाचे काम मिळाले आहे. दोघांनाही दाखला हवा आहे आणि तो परदेशात चालेल अशा रीतीने प्रमाणित करून हवा आहे. गाव एक, दाखला एकाच प्रकारचा. तरीही दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. या वाटा वेगळ्या का होतात, हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांचे पैसे जातात. त्याहून मोठी हानी म्हणजे नोकरीच्या पत्राची मुदत टळून जाते.

दाखला नेमका कोणाचा?

पहिला घोटाळा इथेच होतो. 'पोलीस दाखला' या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळे कागद वावरतात. एक, स्थानिक पोलिसांकडून किंवा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला. देशातल्या देशात नोकरीसाठी, भाडेकरारासाठी किंवा सुरक्षारक्षकाच्या कामासाठी तो मागितला जातो. दुसरा, पासपोर्ट कार्यालयाने दिलेले पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजेच 'पीसीसी'. भारतीय पासपोर्टधारकाला परदेशात दीर्घ वास्तव्य, नोकरी किंवा स्थलांतर करायचे असेल, तर सर्वसाधारणपणे हा दुसरा कागद लागतो. पर्यटन व्हिसासाठी तो दिला जात नाही.

पीसीसीसाठी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. शुल्क ५०० रुपये आहे. ठरलेल्या दिवशी मूळ कागदपत्रांसह केंद्रावर जावे लागते आणि गरज असेल तेथे अर्जदार राहतो त्या हद्दीतील पोलिसांकडून पडताळणी अहवाल मागवला जातो. २०२२ मध्ये दाखल्यांची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने २८ सप्टेंबरपासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट केंद्रांमध्येही हे अर्ज स्वीकारण्यास सुरुवात केली. मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्यांना त्याचा खरा लाभ झाला.

या दाखल्याची एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात असते. त्यावर देशाचे नाव लिहिलेले असते. अर्जदार अमुक देशात जाण्यास अपात्र ठरेल अशी प्रतिकूल माहिती आढळली नाही, अशा आशयाचा तो मजकूर असतो. त्यामुळे कुवेतसाठी काढलेला दाखला पोर्तुगालला चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

सहीची साखळी

दाखला हातात आला तरी लिस्बनमधल्या अधिकाऱ्याने त्यावर विश्वास का ठेवावा? पणजीतल्या वा बंगळुरातल्या अधिकाऱ्याची सही त्याला ओळखता येत नाही. शिक्का खरा की बनावट, हे समजण्याचा मार्ग त्याच्यापाशी नसतो. पूर्वी यावर एकच उपाय होता. खालच्या अधिकाऱ्याची सही वरच्याने प्रमाणित करायची, त्याची सही परराष्ट्र खात्याने आणि परराष्ट्र खात्याची सही त्या देशाच्या वकिलातीने. प्रत्येक पायरीवर शुल्क, रांग आणि विलंब.

ही साखळी तोडण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. गोवा मुक्त होण्यास तेव्हा अडीच महिने अवकाश होता. करारात सामील झालेल्या देशांनी एकमेकांच्या सार्वजनिक दस्तऐवजांसाठी वकिलातीच्या साक्षांकनाची अट काढून टाकली आणि तिच्या जागी एकच प्रमाणपत्र आणले. त्याचे नाव ॲपोस्टिल. त्याचा नमुना सगळीकडे सारखा असतो: किमान नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोन, फ्रेंच भाषेतील मथळा आणि क्रमांक घातलेल्या दहा नोंदी. सही कोणाची, कोणत्या नात्याने, शिक्का कोणाचा, प्रमाणपत्र कोठे व केव्हा दिले, त्याचा क्रमांक कोणता, हे त्यात नमूद असते. भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून अमलात आला.

ॲपोस्टिलचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. ते सहीचा, सही करणाऱ्याच्या अधिकाराचा आणि शिक्क्याचा खरेपणा सांगते. कागदातील मजकुराबद्दल ते काहीही म्हणत नाही. अर्जदार सज्जन आहे, त्याचा पत्ता बरोबर आहे किंवा त्याच्या नावाचे स्पेलिंग अचूक आहे, याची हमी त्यात नसते. चुकीच्या दाखल्यावरही ॲपोस्टिल लागू शकते आणि मग ती चूक अधिकृत शिक्क्यासह परदेशी पोहोचते.

दोघांच्या दोन वाटा

आता थोरल्या भावाकडे वळूया. पोर्तुगाल आणि भारत हे दोन्ही देश हेग करारात आहेत. त्यामुळे पासपोर्ट कार्यालयाचा दाखला आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे ॲपोस्टिल, एवढे पुरते. वकिलातीच्या वेगळ्या साक्षांकनाची गरज उरत नाही. दाखला पासपोर्ट कार्यालयाने दिलेला असल्याने तो थेट मंत्रालयाकडे पाठवता येतो. त्याने घाईघाईत गावच्या पोलिसांकडून दाखला घेतला, तर मात्र आधी राज्याच्या गृहखात्याकडून तो साक्षांकित करून घ्यावा लागेल. एका पायरीच्या दोन पायऱ्या झाल्या.

धाकट्याची वाट लांबची आहे. कुवेत या करारात अद्याप नाही. संयुक्त अरब अमिराती आणि कतार हे देशही नाहीत. अशा देशांसाठी मंत्रालयाचे साधे साक्षांकन घ्यावे लागते आणि त्यानंतर दिल्लीतील त्या देशाच्या वकिलातीचे. या भावाने एखाद्याच्या सांगण्यावरून ॲपोस्टिल करून घेतले, तर तो खर्च पाण्यात जाईल.

आखाती देश म्हटला की वकिलात आलीच, असेही समजू नये. ओमान २०१२ पासून, बहारीन २०१३ पासून आणि सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून या करारात आहे. चीनसाठी तो ७ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि कॅनडासाठी ११ जानेवारी २०२४ रोजी लागू झाला. याउलट जर्मनी करारात असूनही भारताच्या प्रवेशाला त्या देशाने हरकत नोंदवली. त्यामुळे तेथे जाणाऱ्या परिचारिकांनी आणि विद्यार्थ्यांनी केवळ सदस्य देशांची यादी पाहून निष्कर्ष काढू नये. जर्मन दूतावासाची पद्धत विचारून घ्यावी.

नियम किती झपाट्याने बदलतात, याचे उदाहरण सौदी अरेबियाचेच आहे. २०२२ मध्ये तेथे कामाला जाणाऱ्या भारतीयांना पोलीस दाखला आवश्यक झाला आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबर रोजी सौदी दूतावासाने ती अट काढून टाकल्याचे जाहीर केले. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याचा अनुभव प्रामाणिक असला, तरी आज तो लागू असेलच असे नाही.

काही देश तर ॲपोस्टिल मागतही नाहीत. कॅनडाच्या स्थलांतर अर्जासाठी, गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ वास्तव्य झाले, अशा प्रत्येक देशाचा पोलीस दाखला लागू शकतो. ब्रिटनमध्ये आरोग्य, शुश्रूषा वा शिक्षण क्षेत्रात काम करणाऱ्यांना, गेल्या दहा वर्षांत जिथे बारा महिने वा अधिक काळ काढला, त्या देशांचे दाखले द्यावे लागतात. म्हणजे दुबईत तीन वर्षे राहून परतलेल्या गोमंतकीय परिचारिकेला ब्रिटनसाठी भारताचा दाखला पुरणार नाही, अमिरातीचाही लागेल.

परदेशात असलेल्यांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. तिथल्या भारतीय दूतावासाकडून पीसीसी मिळते. परंतु राजनैतिक वा वाणिज्य दूतांनी केलेले दस्तऐवज हेग कराराच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे अशा दाखल्यावर ॲपोस्टिल मिळेल, असे धरून चालू नये.

'बी' या एका अक्षराचे मोल

हळ्ळीखेडच्या भावांची खरी कसोटी शिक्क्यांच्या आधीच लागते. शाळेच्या दाखल्यावर 'हळ्ळीखेड बुजुर्ग', आधार कार्डावर 'हळ्ळीखेड बी' आणि पासपोर्टवर नुसतेच 'हळ्ळीखेड' असेल, तर हा पत्ता नेमका कोणत्या गावाचा, असा प्रश्न पडताळणी करणाऱ्या पोलिसाला पडू शकतो. शेजारच्या गुलबर्गा जिल्ह्याचे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे कलबुर्गी झाले. जुन्या पासपोर्टवर जन्मस्थळ एका नावाने आणि नव्या कागदांवर दुसऱ्या नावाने, अशी स्थिती तिथल्या अनेकांची आहे. एकाच नावाचे मराठी उच्चाराप्रमाणे एक आणि कन्नड उच्चाराप्रमाणे दुसरे इंग्रजी स्पेलिंग होते. कुठे आडनाव पुढे, कुठे वडिलांचे नाव, तर कुठे केवळ आद्याक्षर.

गोव्यातील वाचकांना हा प्रश्न परका वाटू नये. पोर्तुगीज धाटणीची आणि मराठी धाटणीची नावे, एकाच गावाची दोन-तीन स्पेलिंगे, यांचा अनुभव इथल्या घराघरांत आहे.

इथे पाळायचा नियम साधा आहे. पासपोर्ट हा मूळ कागद मानावा आणि अर्जातील प्रत्येक अक्षर त्याच्याशी ताडून पाहावे. पासपोर्टवरील तपशीलच चुकीचा असेल, तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा आणि मगच दाखल्याचा अर्ज करावा. म्हापशात राहणाऱ्या भावाच्या पासपोर्टवर अजून गावचा पत्ता असेल, तर त्याने सध्याच्या पत्त्याचा पुरावा हाताशी ठेवावा आणि गोव्यात केव्हापासून राहतो, हे खरे तेच लिहावे. गावचा पत्ता दाखवून स्वतः म्हापशात राहिल्यास पोलीस पडताळणीला दारात येतील तेव्हा घरी कोणी सापडणार नाही आणि अहवाल विरोधात जाऊ शकेल.

जुना गुन्हा नोंद असेल तर

याबद्दल लोक चारचौघांत बोलत नाहीत. पण धास्ती याचीच अधिक असते. बांधावरून झालेले भांडण, आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा, वाहन अपघात. अशी एखादी जुनी नोंद अनेकांच्या नावावर असते. खटल्यातून निर्दोष सुटका झाली असेल, तर न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी आणि पडताळणीच्या वेळी ती स्वतःहून द्यावी. पोलीस दप्तरात गुन्ह्याची नोंद राहते, निकालाची मात्र प्रत्येक वेळी पोहोचलेली नसते. खटला चालू असेल, तर अर्ज करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. माहिती दडवणे हा मार्ग नव्हे. दडवलेली गोष्ट पुढे उघडकीस आली, तर मूळ गुन्ह्यापेक्षा ती लपवाछपवीच व्हिसा अधिकाऱ्याला अधिक खटकते.

उलट्या क्रमाने विचार

दाखल्याची वाट परदेशातल्या टेबलापासून मागे मोजत आणावी. तिथला अधिकारी किंवा मालक नेमके काय मागतो, हे आधी लेखी विचारावे: दाखला कोणत्या कार्यालयाचा, ॲपोस्टिल हवे की वकिलातीचे साक्षांकन, भाषांतर लागेल का आणि दाखला किती जुना चालेल. अनेक ठिकाणी सहा महिन्यांपेक्षा जुना दाखला स्वीकारत नाहीत. म्हणून तो फार आधी काढून ठेवण्यातही शहाणपण नाही. भाषांतर करायचे झाल्यास ते ॲपोस्टिल लागल्यानंतर करावे, म्हणजे त्यातला मजकूरही भाषांतरात येतो.

ॲपोस्टिलचे सरकारी शुल्क प्रति दस्तऐवज ५० रुपये आहे. साध्या साक्षांकनाला मंत्रालय शुल्क घेत नाही. कागद स्वीकारण्यासाठी मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांचा सेवाआकार वेगळा असतो. पूर्वी हे काम दिल्लीतच होत असे. २०१९ पासून ते बंगळूर, हैदराबाद, मुंबई यांसारख्या शहरांतूनही होते. आपल्यासाठी जवळचे केंद्र आणि नेमलेल्या संस्था मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहाव्यात. 'सगळे करून देतो' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या मध्यस्थाला मूळ पासपोर्ट देण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर असावेत. ॲपोस्टिलवरील क्रमांकावरून ते खरे आहे की नाही, हे ऑनलाइन तपासता येते. मध्यस्थाकडून कागद परत आल्यावर ही तपासणी स्वतः करावी.

म्हापशातला भाऊ आणि हळ्ळीखेडचा भाऊ, दोघेही कष्टाळू आणि निष्कलंक असतील. परंतु परदेशातल्या टेबलावर त्यांच्याआधी त्यांचा कागद पोहोचतो. तो कागद बिनचूक असणे आणि त्यावर योग्य शिक्का असणे, एवढे त्यांच्या हातात आहे. दाखल्यावर गावाचे नाव 'बी'सकट बरोबर उमटले आहे का, हे केंद्राचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच वाचून पाहावे.