इराकचे तेल कोणाचे?

बसऱ्याचे मोती आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. नथीत त्यांचा मान मोठा. पण त्या बसरा शहराची खरी संपत्ती आज जमिनीखाली आहे. शहराच्या पश्चिमेस रुमैला येथे १९५३ साली सापडलेले तेलक्षेत्र जगातील सर्वांत मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक होय. आणि याच बसऱ्यात २०१८ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे लाखावर माणसांना इस्पितळाची पायरी चढावी लागली. जमिनीखाली एवढे धन, आणि नळाला पिण्याजोगे पाणी नाही! असे का व्हावे, याचा विचार आज आपण करू.

एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. शिया, सुन्नी आणि कुर्द हे पिढीजात वैरी. त्यांचे भांडण मिटत नाही, म्हणून देश उभा राहत नाही. हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. भेद जुने आहेत हे खरे. परंतु बगदादमध्ये शिया आणि सुन्नी शेजारी शेजारी राहत होते, त्यांच्यात सोयरिकीही होत होत्या. भेद असणे निराळे आणि भेदावर राज्य चालणे निराळे.

आजचा इराक पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी तुर्की साम्राज्याच्या मोसूल, बगदाद आणि बसरा या प्रांतांतून जुळवला. त्याच युद्धात कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणीही अडकल्या होत्या, आणि १९१६ साली तेथील फौजेला शरण जावे लागले. पुढे १९२७ साली किर्कुकजवळ तेल उसळले. ते बरीच वर्षे परकीय कंपनीच्या हाती होते. १९७२ साली सरकारने ते राष्ट्राच्या मालकीचे केले.

तेलाचा पैसा मुळातच वाईट असतो असे मात्र नव्हे. १९५० साली तेथे विकास मंडळ स्थापन झाले आणि तेलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा धरणांकडे व कालव्यांकडे वळला. १९५६ साली पुरा झालेला थरथारचा प्रकल्प तैग्रिसच्या पुरापासून बगदादचे रक्षण करू लागला. पूर काही पंथ पाहून घरात शिरत नाही. तसा बंधाराही सर्वांचाच असतो.

मग बिघडले कोठे? जे सरकार लोकांच्या करावर चालते, त्याला लोकांपुढे हिशेब मांडावा लागतो. इराकी सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे नऊ-दशांश भाग तेलातून येतो. तेथे सरकार लोकांकडे मागत नाही. लोकांनाच सरकारकडे मागावे लागते. साहजिकच खजिन्याची किल्ली ज्याच्या हाती, तोच धनी. सद्दाम हुसेनने ती किल्ली एकट्याच्या मुठीत ठेवली, १९८० ते १९८८ इराणशी युद्ध केले, १९९० साली कुवेत गिळले, आणि त्यानंतरच्या आर्थिक बहिष्काराने प्रजा उपाशी मरू लागली.

२००३ साली अमेरिकेच्या आक्रमणाने ती राजवट कोसळली. तेव्हा कोणी वगळला जाऊ नये म्हणून सत्तेची वाटणी झाली. अध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, संसदेचा सभापती सुन्नी, असा पायंडा पडला. हेतू न्याय्य दिसतो. परंतु परिणाम काय झाला? एकेक खाते एकेका पक्षाची जहागीर बनले. नोकरी हवी तर आपल्या पंथाच्या पुढाऱ्याचे दार ठोठवावे लागे. ज्याचे दुकान भिंतीच्या आधाराने चालते, तो भिंत पडू देईल काय? २००६ साली समारा येथील शियांच्या पवित्र दर्ग्यात स्फोट झाला आणि कत्तलींना ऊत आला. शेजारी पांगले, मोहल्ल्यांभोवती काँक्रीटच्या भिंती आल्या.

२००५ च्या राज्यघटनेत तेल व वायू सर्व इराकी जनतेच्या मालकीचे आहेत असे स्पष्ट लिहिले आहे. पण ती मालकी प्रत्यक्षात कशी चालवावी, हे सांगणारा कायदा २००७ साली मसुद्यातच अडकला. म्हणून बगदाद आणि कुर्दिस्तान यांचा तंटा वर्षानुवर्षे चालला. २०२३ साली तुर्कस्तानकडे जाणारी तेलवाहिनी बंद पडली, ती २०२५ साली सुरू झाली. मधल्या काळात कुर्दी शिक्षकांचे पगार थकले.

मोसूल शहर २०१४ साली इस्लामिक स्टेटच्या हाती गेले आणि २०१७ साली परत मिळाले तेव्हा त्याचा जुना भाग ढिगारा झाला होता. तेथील नूरी मशीद, तिचा कललेला मिनार आणि जवळची चर्चे युनेस्कोच्या साह्याने पुन्हा उभी राहिली. दगड पुन्हा रचता येतात. विश्वासाचे काय?

याचे उत्तर २०१९ च्या ऑक्टोबरात तरुणांनी दिले. बगदाद, नासिरिया, बसरा येथे ते रस्त्यावर आले. त्यांतील बहुसंख्य शिया, आणि त्यांचा रोष शिया पुढाऱ्यांच्याच सरकारवर होता. शेकडो मारले गेले. पंतप्रधानांना राजीनामा द्यावा लागला. त्यांची घोषणा होती, ‘आम्हांला देश हवा.’ त्यांनी पंथाचा वाटा मागितला नाही; काम, वीज, पाणी आणि हिशेब मागितला. इराकची खरी पुनर्रचना, आमच्या मते, या मागणीपासून सुरू होते. तेल सर्वांचे आहे हे घटनेने सांगितलेच आहे. आता त्याचा जमाखर्चही सर्वांसमोर वाचला गेला पाहिजे.