पाणी चढण्यापूर्वी

मंडळी, "गावात तरणी पोरं आहेत की, वेळ आली म्हणजे धावतील," असे आपण सर्रास म्हणतो. धावतात, यात शंका नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या ढिगाऱ्यातून पहिली माणसे ओढून काढली ती शेजारपाजारच्यांनीच. फौज आणि सरकारी पथके मागाहून पोचली. ती कितीही तत्पर असली तरी मागाहूनच पोचणार. पहिले काही तास गावाचे गावालाच निभवावे लागतात.

पण नुसते धावणे निराळे आणि शिकून धावणे निराळे. कृष्णा-पंचगंगेकाठच्या पुराचेच पाहा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि माणसे दगावली. होडीत माणसे जास्त झाली होती. घरात पाणी शिरलेले, कडेवर मूल, अशा वेळी "तुम्ही पुढच्या खेपेला या" हे ऐकून कोण घेईल? म्हणून काठावर असा एकजण हवा, की ज्याने डोकी मोजावीत, लहान मूलही धरावे, आणि आकडा भरला की आपल्या सख्ख्या चुलत्यालाही "काका, थांबा" म्हणावे. हा अधिकार ऐन पुरात मिळत नाही. तो ग्रामसभेत, चारचौघांसमक्ष, पावसाळ्यापूर्वीच द्यावा लागतो. पुढारीपण म्हणतात ते हेच. हाळी देणारे पुष्कळ असतात, थांबवणारा एखादाच.

पोहणाऱ्यालाही थांबवावे लागते बरे का! बुडणारा घाबरून वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. वाहते पाणी गुडघाभर असले तरी धडधाकट माणसाला आडवे करते. तेव्हा आधी काठी किंवा बांबू पुढे करावा. तो पोचत नसेल तर दोर फेकावा. पाण्यात उतरणे हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही शिकलेल्यानेच करावा. दोराच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला प्लॅस्टिकचा कॅन बांधावा. तळाशी थोडे पाणी ठेवले म्हणजे तो लांब जातो आणि तरंगतोही. फेकताना माणसाच्या थोडा पलीकडे फेकावा. फेकणाऱ्याने खाली बसावे, पण दोर स्वतःच्या कमरेला मात्र मुळीच बांधू नये.

आता गुरुजी आणि बाई, तुमच्याकडचे काम. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा असतो, ४३ फुटांवर धोका. हे आकडे बातम्यांत येतात. पण बंधाऱ्यावर ३९ फूट असताना आपल्या गावात पाणी कुठवर आलेले असते? मारुतीच्या पारापर्यंत, की ओढ्यावरच्या मोरीपर्यंत? वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावे आणि रंगाने खुणा कराव्यात. मग बातमीतला आकडा घरच्या आजीलाही कळेल. त्याच फेरीत आणखी एक वही भरावी: अंथरुणाला खिळलेले कोण, दिवस भरत आलेली बाई कोणत्या घरी, एकटे कोण राहते. ही वही मुली फार चांगली करतात, कारण त्यांना घराच्या आतपर्यंत जाता येते.

रीतसर शिक्षणाचीही सोय झालेली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली 'आपदा मित्र' योजना सुरू केली. तीत गावच्या स्वयंसेवकांना बारा दिवस प्रथमोपचार, शोध आणि सुटका हे शिकवले गेले. चौकशी जिल्हाधिकारी कचेरीतील आपत्ती व्यवस्थापन कक्षात करावी.

मात्र शिबिराहून परतलेल्या मुलाला गावाने तालीम करू दिली नाही, तर शिकलेले वर्षात विसरते. मृग लागण्यापूर्वी एखादा रविवार काढा. पाण्याजवळ न जाता, शाळेच्या मैदानात फक्कीने नदीचे दोन काठ आखा आणि दोर फेकून पाहा. दोर तोकडा पडेल, वहीतल्या दोन घरांचा पत्ता चुकलेला निघेल, शाळेच्या खोलीची किल्ली कोणाकडे यावरून वाद होईल. होऊ द्या. त्या दिवशी बाजारातून लांब दोर आणता येतो.