कॅसेट घरची होती तेव्हा

घरात दुसरा टीव्ही म्हणजे दुसरा सेट टॉप बॉक्स आणि दुसरे बिल, हे भंडारा जिल्ह्यात आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले आहे. केबलच्या डिजिटायझेशनचा तिसरा टप्पा भंडारा, तुमसर, पवनी अशा नगरपालिकांच्या गावांसाठी होता, चौथा खेड्यांसाठी. त्याची अखेरची मुदत ३१ मार्च २०१७ला संपली. पुढे फेब्रुवारी २०१९मध्ये ट्रायची नवी दररचना आली आणि पहिल्या शंभर चॅनलांच्या नुसत्या जोडणीला १३० रुपये अधिक जीएसटी एवढा आकार ठरला. एकाच छताखालच्या दुसऱ्या टीव्हीला हा आकार चाळीस टक्क्यांवर लावू नये, असा नियम व्हायला २०२० साल उजाडले. एकाच घराकडून दोनदा पैसे घेणे चुकीचेच होते.

पूर्वी असे नव्हते. तरी दूरदर्शनच्या सुरुवातीच्या वर्षांत रमण्यासारखे फार नाही. एक सेट, एक वाहिनी आणि दारापर्यंत बसलेली गल्ली. राग येतो तो एवढ्याचा, की टेप वाचवण्यासाठी दूरदर्शनने आपलेच कितीतरी जुने कार्यक्रम पुसले.

खरी मौज नव्वदच्या दशकाची, आणि तिची सुरुवात त्याच्या थोडी आधी ‘महाभारता’ने झाली. २ ऑक्टोबर १९८८ला मालिका सुरू झाली तेव्हा धानाच्या कापणीचे दिवस जवळ आले होते. रविवारी सकाळी बांधीत असलेल्या माणसांसाठी, ज्यांच्या घरी व्हीसीआर होता, तिथे भाग टेप करून ठेवता येई. तीन तासांच्या कॅसेटवर काही भाग सहज मावत.

मग रंगीत टीव्ही सपरीत आला आणि जुना ब्लॅक अँड व्हाइट सेट आत, स्वयंपाकघराजवळ गेला. व्हीसीआरमागून निघालेली वायर स्प्लिटरमध्ये, तिथून एक फाटा सपरीतल्या सेटला, दुसरा कौलांखालून आतल्या सेटला. दोन्हीकडे व्हीसीआरचे चॅनल जुळवले की कॅसेट एक आणि पडदे दोन. चूल सोडून उठता न येणाऱ्या बाईला लग्नाचे शूटिंग पहिल्यांदा नीट पाहायला मिळाले ते असे. फाटे वाढले की चित्रात मुंग्या येत आणि सगळ्या खोल्यांत एकच कार्यक्रम दिसे, पण त्यासाठी जादा पैसे मागायला कुणी येत नसे. केबल आल्यावरही तेच चालले. १९९५च्या कायद्याने केबलवाल्याला हेड पोस्टात नोंदणी करावी लागली. घरात वायरीला किती फाटे फोडले, हे मात्र तो सहसा मोजत नसे.

१५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी सुरू झाली, ‘आभाळमाया’ घराघरांत पोचली. पुढच्या दशकात भारनियमनाने संध्याकाळी गिळल्या. टेप करायलाही वीज लागते, म्हणून लोक दुसऱ्या दिवशीच्या पुनःप्रक्षेपणाची वाट पाहू लागले.

डीटीएचवाले २००८च्या सुमारास रेकॉर्डिंगचे बॉक्स घेऊन आले. चित्र स्वच्छ, मुंग्या नाहीत. पण पेन ड्राइव्हवर घेतलेला भाग बहुधा त्याच बॉक्सवर चाले. शेजारच्या खोलीतल्या बॉक्सला तो वाचता येत नसे. बॉक्स बिघडला की सारे गेले. ग्राहकाने पैसे देऊन साठवलेली गोष्ट त्याच्याच दुसऱ्या टीव्हीपासून लपवून ठेवणारी ही रचना अन्यायाची होती. ओटीटीने तीच पुढे नेली: एका वेळी किती पडदे, हे योजनेवर ठरते. जुलै २०२३मध्ये नेटफ्लिक्सने भारतात घराबाहेर पासवर्ड वाटणे बंद केले. मुलगी नागपूरला वसतिगृहात राहत असेल तर ती त्या घरात धरली जात नाही.

जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. चालू स्थितीतले यंत्र आणि त्याचे हेड साफ करणारा कारागीर, दोघेही आता शोधावे लागतात. भंडाऱ्याच्या दमट पावसाळ्यात कॅसेटच्या फितीला बुरशी धरते. ज्यांच्या कपाटात लग्नाच्या, बारशाच्या, गावच्या नाटकाच्या कॅसेट उरल्या असतील, त्यांनी त्या येत्या पावसाळ्याआधी डिजिटल करून घ्याव्यात आणि एक प्रत नातेवाइकाकडेही ठेवावी.