सिझरआधीचे इंजेक्शन आणि सर्दीची गोळी

अंग तापले की कामावरून येताना मेडिकलमधून दोन-तीन गोळ्या सुट्या आणायच्या, ही बल्लारपूरच्या आपल्या वस्त्यांत रीतच झाली आहे. त्यांत अनेकदा सेफिक्झिम असते. हे सेफॅलोस्पोरिन घराण्यातले प्रतिजैविक आहे. १९४५ साली इटलीच्या सार्डिनिया बेटावर, सांडपाणी समुद्राला मिळते तिथे डॉ. ज्युसेपे ब्रोत्झू यांना एक बुरशी सापडली. तिच्यापासून ही औषधे आली.

ती जिवाणूला स्वतःची भिंत बांधू देत नाहीत, म्हणून तो मरतो. विषाणूला तशी भिंतच नसते. त्यामुळे साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू यांवर ही गोळी निरुपयोगी आहे.

याच घराण्यातले सेफॅझोलिन सिझरआधी, चिरा देण्यापूर्वीच्या तासाभरात टोचतात. चिरा पडताना औषध अंगात हजर हवे, म्हणजे टाक्यांत पू होण्याचा धोका घटतो. बहुतेक वेळा एक डोस पुरतो. जखम कोरडी असताना आणखी इंजेक्शनांचा आग्रह धरू नका.

उगाच घेतलेल्या गोळ्यांनी कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात. ते हातांतून, पाण्यातून घरोघरी जातात. मग आपल्याच लेकीसुनेच्या ऑपरेशनला औषध लागू पडेनासे होते. दुःखाचे कारण ओळखून मग उपाय, ही तथागतांची शिकवण आजारालाही लागू आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम ‘एच-१’ यादीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि दुकानदाराला वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझर आणि त्याची औषधे मोफत आहेत. बाहेरून आणायला सांगितले तर कारण विचारा.

आम्ही घरोघरी सांगतो ते एवढेच :
• पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.
• सांगितले तितके दिवस गोळी घ्या. उरलेली दुसऱ्याला देऊ नका.
• गोळीनंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.
• टाके लाल झाले, पू आला, ताप चढला तर मेडिकलमध्ये नव्हे, ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात जा.

येत्या रविवारी वंदनेनंतर घरातल्या गोळ्यांची पाकिटे विहारात आणा. कोणती कशाची, ते आपण मिळून वाचू. जयभीम!