एकच फॉन्ट, तीन दारं

दिवाळीच्या सुट्टीत मुरुमला जाताना भित्तिपत्रकाची फाईल पेनड्राइव्हवर सोबत नेली होती. हॉस्टेलच्या उबुंटूवर दोन पानांत बसलेला मजकूर चुलतभावाच्या विंडोजवर उघडला, तर ओळी सरकल्या, अडीच पानं झाली आणि ‘ल’ नि ‘श’ हिंदी वळणाचे दिसू लागले. मजकूर तोच, फक्त ‘लोहित मराठी’ फॉन्ट तिथे नव्हता.

लोहित फॉन्ट रेड हॅटने २००४ साली खुले केले, पुढे त्यांचं बरंचसं काम पुण्यात झालं. नवी आवृत्ती निघाली की मूळ फाईल एकच असते, पण प्रत्येक सिस्टीमसाठी तिचा गठ्ठा वेगळा बांधावा लागतो. डेबियन-उबुंटूत ‘डेब’, फेडोरात ‘आरपीएम’. नावंही वेगळी! उबुंटूत ‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’, फेडोरात ‘लोहित-मराठी-फॉन्ट्स’. एक अक्षर चुकलं की ‘सापडत नाही’ म्हणून मोकळा.

या गठ्ठ्यात फाईलींसोबत एक चिठ्ठी असते : नाव, आवृत्ती, सोबत आणखी काय लागतं, कोणती फाईल कुठे ठेवायची. ‘ॲप्ट’ किंवा ‘डीएनएफ’ हे पॅकेज मॅनेजर ती वाचतात, डिजिटल सही तपासतात, लागणाऱ्या इतर गोष्टी आणतात आणि आडत्याच्या चोपडीसारखी सगळी नोंद ठेवतात. खरी किंमत या नोंदीची आहे. पेनड्राइव्हवरून डकवलेल्या फॉन्टची आवृत्ती कोणती, कुणी टाकला, कुणालाच सांगता येत नाही. (आमच्या लॅबमध्ये एकाच फॉन्टच्या दोन प्रती निघाल्या होत्या, असो.)

विंडोजला ही सवय उशिरा लागली. ‘चॉकलेटी’ २०११ ला आलं, मायक्रोसॉफ्टच्या ‘विंगेट’ची पहिली पक्की आवृत्ती २०२१ ला. चॉकलेटीचं पॅकेज आपण स्वतःही बांधू शकतो. माहितीची एक फाईल, पॉवरशेलची छोटी स्क्रिप्ट, बास. ते शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच इन्स्टॉल करता येतं, इंटरनेट नसलं तरी. मी तेच केलं.

एक मात्र बघा. उबुंटूच्या एलटीएसमध्ये पॅकेजची आवृत्ती सहसा गोठवलेली असते, फेडोरात पुढची असू शकते. म्हणून आधी तिन्हीकडची आवृत्ती जुळवा, मगच पानं लावा.

भित्तिपत्रक आता सगळीकडे दोन पानांत बसतं. राहिला फक्त ऑफिसमधला संगणक. तिथे ॲडमिन पासवर्ड लागतो आणि रेक्टर सर सोमवारी या म्हणालेत.